कोकणात मानसिक आणि मेंदूच्या आजारांवर संशोधन करताना: नव्याने येणाऱ्यांसाठी

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि दक्षिण रायगडच्या गावांत दरवर्षी एमएसडब्ल्यू, मानसशास्त्र, नर्सिंग, एमडी करणारी मुलंमुली प्रबंधासाठी येतात. विषय मोलाचे असतात. म्हातारपणचा स्मृतिभ्रंश, नैराश्य, अपस्मार (फिट येणं), पक्षाघातानंतरचं जगणं, दारूचं व्यसन. पिशवीत प्रश्नावल्या असतात आणि डोक्यावर गाइडने दिलेली मुदत. पण ज्याच्या आजाराचा अभ्यास करायचा, त्यालाच विचारायचं कसं, हे बहुतेकांना कोणी बसवून सांगितलेलं नसतं. घरात गेलं की मुलगा बोलतो, सून बोलते, सोबत आलेली आशाताई बोलते. रुग्ण पडवीत भिंतीला टेकून बसलेला असतो आणि त्याच्याबद्दलचा कागद त्याच्यासमोर भरला जातो. हे टाळायचं असेल तर तयारी गावात पाऊल टाकण्याच्या खूप आधी सुरू करावी लागते.

विषय ठरवताना

आधी आजवर काय झालंय ते बघा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के होतं. पण हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. म्हणून प्रस्तावनेत हा आकडा लिहून पुढच्याच ओळीत ‘कोकणातही हेच चित्र आहे’ असं लिहू नका. स्मृतिभ्रंशाचंही तसंच. लासी-डॅड या देशभरातल्या ज्येष्ठांवरच्या अभ्यासातून ६० वर्षांवरच्या भारतीयांत ७.४ टक्के हे प्रमाण पुढे आलं. तो देशाचा अंदाज आहे, तुमच्या तालुक्याचा नाही.

शेजारच्या गोव्यात मात्र आपल्याला वाचायला भरपूर काही आहे. ‘संगत’ ही संस्था तिथे १९९६ पासून काम करते. प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक, म्हणजे डॉक्टर नसलेली माणसं, प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्याच्या रुग्णांना मदत करू शकतात का, हे तिथल्या ‘मानस’ चाचणीने तपासलं. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. २०१७ मध्ये दोन चाचण्या आल्या, एक नैराश्यावरच्या छोट्या समुपदेशनाची आणि दुसरी दारूच्या अतिसेवनावरची. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची घरी काळजी घेणाऱ्यांना आधार देण्यावरचा गोव्यातला अभ्यास २००८ चा आहे. समुद्र, मासळी, स्थलांतर, एकट्या राहिलेल्या आया हे सगळं तिथेही आहे. अमेरिकेतले दहा पेपर वाचण्याआधी हे वाचा, असं मी प्रत्येकाला सांगते.

एकट्या विद्यार्थ्याने ‘तालुक्यात नैराश्याचं प्रमाण किती’ या प्रश्नाच्या मागे लागू नये. त्याला नमुना मोठा लागतो आणि निदान करणारा माणूसही सोबत लागतो. ‘पहिली फिट आल्यापासून औषध सुरू होईपर्यंत घरच्यांनी काय काय केलं’ हा प्रश्न मात्र एका माणसाला झेपतो आणि कोकणाला तो हवाही आहे. मुलं मुंबईला आणि आई गावी एकटी, अशा घरात विसरभोळेपणा पहिल्यांदा कोणाच्या ध्यानात येतो, हाही तसाच प्रश्न. पुष्कळदा तो गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या ध्यानात येतो, कारण रोज बघणाऱ्या शेजाऱ्यांना तो म्हातारचळ वाटतो.

आधी उपचाराची वाट, मग प्रश्नावली

या मुद्द्यावर मी तडजोड करत नाही. तुम्ही नैराश्याची चाचणी घेणार आणि एखाद्या बाईला तीव्र नैराश्य निघणार, तर त्या दिवशी तिला कुठे पाठवायचं, हे पहिल्या मुलाखतीच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. एका कागदावर लिहून काढा. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठलं आणि तिथले वैद्यकीय अधिकारी कधी भेटतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कुठल्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी येतं. जिल्हा रुग्णालय रत्नागिरीला आणि सिंधुदुर्गचं ओरोसला. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, बाकीची ठाणे, पुणे आणि नागपूरला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. या प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन या, माणसांना भेटा, तुमचा अभ्यास समजावून सांगा. वाडीतून तिथे पोचायला एसटी किती वाजताची आणि परतीची शेवटची गाडी कधी, हेही लिहा. ‘जिल्हा रुग्णालयात जा’ असं सांगणं सोपं आहे, पण ज्या घरातून स्टँडपर्यंत तासभर चालावं लागतं तिथे त्या सांगण्याने काही हलत नाही.

पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरणार असाल तर नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. नवखी मुलं तो पुटपुटल्यासारखा विचारतात किंवा गाळतातच. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार येत नाही. उलट कोणीतरी स्पष्ट विचारलं म्हणून अनेकांना मोकळं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं की प्रश्नावली मिटवा. विचार कधीपासून येतात, काही ठरवलंय का, हाताशी काय आहे, ते शांतपणे विचारा. बागायतदाराच्या घरी फवारणीचं औषध असतंच. ते कुलपात ठेवायला किंवा शेजारी न्यायला घरातलं कोण मदत करेल, हे त्या व्यक्तीशी बोलूनच ठरवा. तिला एकटं सोडून पुढच्या घरी जाऊ नका. तिथूनच फोन लावा. जीवाला धोका असेल तेव्हा गुप्ततेचं वचन आड येत नाही, आणि हे तुम्ही संमती घेतानाच सांगून ठेवायचं असतं.

एथिक्स कमिटी

तुमच्या संस्थेच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय एकही मुलाखत नाही, ‘पायलट’ म्हणूनही नाही. कामाचा आधार आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची राष्ट्रीय नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं. त्यानुसार समितीत ७ ते १५ सदस्य असतात आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. मानसिक आजार असलेले, आकलन कमी झालेले, संस्थेत राहणारे लोक या तत्त्वांत असुरक्षित गटात येतात, त्यामुळे प्रस्ताव बहुधा पूर्ण समितीपुढे जाणार हे धरून चाला. वेळ लागतो. एखादी उपचारपद्धती करून बघणार असाल, म्हणजे ती चाचणी असेल, तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी करावी लागते.

दुसरा आधार मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. त्याचं कलम ९९ संशोधनाबद्दल आहे आणि ते प्रत्येकाने मुळातून वाचावं. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची नुसती मुलाखत घ्यायची असली तरी तिची स्वतःची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती लागते. व्यक्ती संमती देऊ शकत नाही पण विरोधही करत नाही, अशा वेळी ‘घरच्यांनी सही केली’ एवढ्यावर भागत नाही. तिच्यावर मानसशास्त्रीय, शारीरिक किंवा औषधांचा कुठलाही हस्तक्षेप करून बघायचा असेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे या कायद्याखाली रुग्णासाठी नेमलेल्या माणसाच्या, संमतीवर प्राधिकरण ती देऊ शकतं, पण हा अभ्यास संमती देऊ शकणाऱ्यांवर करून चालणार नाही, हे आधी पटवून द्यावं लागतं. हितसंबंध उघड करणं, समितीची मंजुरी अशा बाकीच्या अटीही आहेत. संमती देऊ न शकणाऱ्यांच्या जुन्या केसपेपरवरचा अभ्यास मात्र, त्यांची ओळख लपवलेली असेल तर, कायदा करू देतो. प्रबंधाला वर्षच हाती असेल तर हा पर्याय मनावर घ्या.

उंबऱ्यावरची संमती

आजार आहे म्हणजे माणसाला निर्णय घेता येत नाही, असं कायदाही मानत नाही आणि अनुभवही तसं सांगत नाही. स्किझोफ्रेनियाचं औषध नियमित घेणारा, आंब्याच्या पेट्या भरणारा माणूस तुमच्या मुलाखतीबद्दल स्वतः ठरवू शकतो. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या काळातली आजीसुद्धा ठरवू शकते. फक्त तुम्ही सांगण्याची पद्धत बदलायला हवी.

माहितीपत्रक चार पानी, छापील, शासकीय मराठीत असेल तर ते वाचून दाखवणं म्हणजे वेळ घालवणं. थोड्या थोड्या वाक्यांनी सांगा आणि मध्ये थांबून विचारा, ‘मी आत्ता काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगाल?’ मी कोण, कशासाठी आले, किती वेळ लागेल, यातून औषध किंवा पैसे मिळणार नाहीत, ‘नाही’ म्हटलं तर दवाखान्यातलं काही बंद होणार नाही. या पाच गोष्टी समोरच्याने आपल्या शब्दांत परत सांगितल्या तर संमतीला अर्थ. औषध-पैशांचा आणि ‘नाही’ म्हणण्याचा मुद्दा सगळ्यात जास्त निसटतो. गावात कागद घेऊन आलेला माणूस म्हणजे योजना घेऊन आलेला, असं लोक धरून चालतात. पेन्शन सुरू होईल या आशेने दिलेला होकार हा होकार नव्हे. समजूत दूर करा आणि मग पुन्हा विचारा.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत एका विद्यार्थिनीसोबत मी गेले होते. मे महिना, खळ्यात आमसुलं वाळत घातलेली. आजी बसून सुपात राहिलेल्या साली निवडत होत्या आणि जावई त्यांच्या वतीने भराभर उत्तरं देत होते. कागदावर अंगठा लावायला जावयांनी आजींचा हात धरून शाईच्या पॅडकडे नेला. आजींनी काही म्हटलं नाही. फक्त मूठ मिटली आणि हात पदराखाली घेतला. विद्यार्थिनीने पॅड बंद करून पिशवीत टाकलं, जावयांचे आभार मानले आणि आजींना म्हणाली, ‘राहू दे आजी, मी नुसती बसते जरा.’ मग तीही साली निवडायला लागली. त्या घराचा कागद कोरा राहिला आणि तो तसाच राहायला हवा होता. तोंड फिरवणं, उठून आत जाणं, हात मागे घेणं, तेच तेच विचारत अस्वस्थ होणं, हा सगळा नकार आहे. मुलगा, सून, डॉक्टर कोणीही ‘हो’ म्हटलं तरी तो नकार उरतोच.

पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसाचं प्रकरण वेगळं. त्याला पुष्कळदा सगळं कळत असतं, फक्त बोलता येत नाही, आणि घरच्यांनी त्याला विचारणंच सोडून दिलेलं असतं. चित्रं, हो-नाहीची खूण, डोळ्यांची उघडझाप, काहीही चालतं. आपला निर्णय खुणेने किंवा हावभावाने सांगणं कायद्यालाही मान्य आहे. एकच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारा. आधी ‘बसू का?’ आणि मग ‘जाऊ का?’ दोन्हींना मान डोलली तर दुसऱ्या दिवशी या.

काही बारकावे पटकन सांगते. अंगठा लावणाऱ्यांसाठी निःपक्ष साक्षीदार लागतो. तो घरचा नको आणि तुमच्या टीममधलाही नको. आशाताईने घर दाखवलं असेल तर तिलाच साक्षीदार करू नका, कारण तिच्याकडून औषधगोळ्या मिळतात आणि तिच्यासमोर ‘नाही’ म्हणणं लोकांना अवघड जातं. सात वर्षांवरच्या मुलांची, पालकांच्या संमतीसोबत, स्वतःची तोंडी तयारी विचारा. बारापासून पुढे ती लेखी घेतात. मनोरुग्णालयात दाखल असलेल्यांशी बोलायचं असेल तर वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना नम्रपणे लांब बसायला सांगा. मानसिक तब्येत दिवसागणिक बदलते, म्हणून आज मिळालेली संमती पुढच्या भेटीत पुन्हा विचारायची. मोबदला बसभाडं आणि बुडालेल्या रोजापुरता असावा.

चाचण्या गावाला लावून बघा

आकलनाच्या चाचणीत तारीख विचारतात. भाताची लावणी आटोपलेल्या म्हातारीला तारीख नसते ठाऊक, पण आज एकादशी आहे आणि परवा अमुक घरी सत्यनारायण, हे ती बिनचूक सांगते. तिचा गुण कापला तर चूक तुमच्या चाचणीची. निरक्षर ग्रामीण ज्येष्ठांसाठी हरियाणातल्या बल्लभगडमध्ये हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन अशाच अडचणींमुळे तयार झालं. लिहायला लावणारे, शंभरातून सात-सात वजा करायला लावणारे प्रश्न शाळा न पाहिलेल्यांना लावू नयेत.

मालवणी मुलखात मुंबईच्या मराठीतली प्रश्नावली आधी चार-पाच जणांवर वाचून बघा आणि त्यांना काय समजलं ते विचारा. ‘मागील दोन आठवड्यांत आपणांस औदासीन्य जाणवले का’ याला कोणी उत्तर देत नाही. बाया सांगतात ‘जीव घाबरता’, ‘झोप येणा नाय’, ‘बरा वाटणा नाय’. दुःख अंगातून बोलतं, डोकं जड, हातापायांत मुंग्या, काळजात धडधड. हे ऐकू आलं तर तसंच्या तसं टिपा. अर्थ लावायचं काम संध्याकाळी खोलीवर. मात्र प्रमाणित चाचणीचे शब्द जागेवर मनाने बदलू नका. भाषांतर, उलट भाषांतर, स्थानिकांसोबत तपासणी हे सगळं आधी करून समितीकडून मंजूर करून घ्या.

केव्हा जायचं, कुठे बसायचं

मार्च ते मे आंबा-काजूचा हंगाम, बागायतदार आणि मजूर दोघंही हाती लागत नाहीत. शिमग्यात पालखी घरोघर फिरते तेव्हा जाऊ नका. गणपतीत घर भरलेलं असतं, रुग्णाशी एकांतात बोलणं अशक्य, पण मुंबईचा मुलगा भेटतो तो तेव्हाच. खलाशांशी बोलायचं तर जून-जुलैची मासेमारी बंदी बरी, बोटी ओढून ठेवलेल्या असतात. आंब्याच्या बागांत राखणीला राहणारे नेपाळी कुटुंबकबिले कुठल्याच यादीत नसतात. त्यांना घ्यायचं असेल तर दुभाषाची तजवीज आधी.

खळ्यात खुर्ची मांडली की पाच मिनिटांत शेजारी जमतात. कोणी वाईट हेतूने येत नाही, पाहुणा आला म्हणून येतात. आजाराबद्दल तिथे बोलू नका. पाणी प्या, चहा घ्या, पीकपाण्याचं विचारा आणि रुग्णालाच विचारा कुठे बसूया. विहिरीकडे, परसात, माडाखाली, जिथे तो म्हणेल तिथे.

देवाचं आणि भगताचं

बहुतेक घरांनी डॉक्टरच्या आधी गुरवाकडे गाऱ्हाणं घातलेलं असतं, कौल लावलेला असतो. ‘बाहेरचं’ आहे असं ऐकाल. त्यांच्याशी वाद घालू नका, उपचारांच्या प्रवासातला एक टप्पा म्हणून आदराने लिहून घ्या. कुलदैवताला नारळ देऊन आणि सोबत गोळी घेऊनही माणसं बरी होतात. पण भूत काढण्याच्या नावाखाली कोणाला मारहाण होत असेल, साखळीने बांधलं असेल, तर ती श्रद्धा म्हणून बाजूला ठेवायची गोष्ट नाही. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा अमानुष छळ गुन्हा ठरतो. त्या क्षणी तुम्ही संशोधक नंतर. गाइडला आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच कळवा.

माहिती जपणं

शहरात नाव काढलं की माणूस ओळखू येत नाही. वाडीत तीस घरं. ‘५२ वर्षांची विधवा, निवृत्त शिक्षिका, दोन मुलगे मुंबईत’ एवढं लिहिलं की सगळ्या पंचक्रोशीला कळतं. गावाचं नाव, नेमकं वय, व्यवसाय यांतलं काहीतरी झाकावंच लागतं. अपस्माराच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून जपा. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख निघाला, पण मुलीला फिट येते हे बाहेर पडलं तर स्थळ आजही मोडतं. नावांची यादी आणि उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी, कुलपात किंवा पासवर्डमागे ठेवा. मुलाखतीचं रेकॉर्डिंग टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही. घराचा, रुग्णाचा, अगदी पाठमोरा फोटोही नको. तुमच्या दुचाकीवर संस्थेचा ‘मानसिक आरोग्य’ असा बॅनर असेल तर तो काढा, नाहीतर ती ज्या दारात थांबेल त्या घरावर शिक्का बसतो.

माघार आणि परत जाणं

संमती कधीही मागे घेता येते. हे कलम ९९ मध्येच आहे आणि कारण सांगायची सक्ती नाही. तुमचा किंवा गाइडचा फोन नंबर असलेली चिठ्ठी प्रत्येक घरात सोडा, मोठ्या अक्षरांत. फोन येतात, आणि बहुधा मुंबईहून येतात. ‘आमच्या आईचं नाव काढून टाका’ असं मुलगा चिडून सांगतो. त्याचं पूर्ण ऐका. गावात चर्चा होईल ही त्याची भीती खरी असते. पण संमती आईने स्वतः दिली असेल तर आईलाच विचारायचं, आणि फोनवर नव्हे, समोर जाऊन. ती ‘असू दे’ म्हणाली तर तिच्या परवानगीने मुलाशी पुन्हा बोला. तिला नको असेल तर तिथेच थांबा. तिची माहिती काढा, नष्ट केल्याची तारीख नोंदवा, समितीला कळवा आणि तसं झाल्याचं तिला सांगून या.

प्रबंध जमा झाला की निष्कर्षांचं एक पानी सोपं मराठी टिपण प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशांच्या मासिक बैठकीत नेऊन वाचून दाखवा. ज्यांनी वेळ दिला त्यांच्याही घरी जा, पण आधी चौकशी करून, कारण मधल्या काळात कोणी गेलेलं असू शकतं. जेवढे दिवस मुलाखतींसाठी ठेवले, त्यातले काही या फेरीसाठी सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहितानाच राखून ठेवा.